गळ्यात पट्टा, पट्ट्यावर पत्ता

अनंत चतुर्दशीची रात्र. लालबाग-परळच्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नाही. ढोल-ताशे, फटाके, गुलाल. चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावर पलंगाखाली थरथरत बसलेला कुत्रा दार उघडे दिसताच जिन्यावरून खाली धावतो आणि माणसांच्या पायांत दिसेनासा होतो. घरचे लोक त्याच्या नावाने हाका मारत भारतमाता सिनेमापर्यंत जातात आणि हात हलवत परत येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एका भल्या माणसाला तोच कुत्रा उड्डाणपुलाखाली भेदरून बसलेला दिसतो. तो त्याला उचलायला जातो आणि कुत्रा घाबरून त्याच्या हाताला दात लावतो. माणूस रागावत नाही. टॅक्सी करून त्याला परळच्या जनावरांच्या इस्पितळात आणतो. तिथला पहिला प्रश्न असतो, ‘कुणाचा आहे?’ गळ्यात लाल पट्टा आहे, पट्ट्याला घुंगरू आहे, पण नाव-पत्ता नाही.

हा प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे. पण ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे, त्यांना तो खोटा वाटणार नाही. ‘कुणाचा आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरावर दोन गोष्टी अवलंबून असतात. कुत्रा घरी पोचेल का, ही पहिली. ज्याच्या हाताला दात लागले त्या माणसाचे पुढे काय, ही दुसरी. पहिलीची चिंता सगळेच करतात. दुसरी मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

परळमध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईत १८७४ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने, बाई साकरबाई दिनशा पेटिट पशु रुग्णालय परळला उभे राहिले. १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर माणसांसाठी केईएम आहे आणि रेबीजची लस पूर्वी जिथे तयार होत असे ती हाफकिन संस्थाही आहे. ‘कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने’ ही जुन्या पिढीची धास्ती ज्या लसीमुळे होती, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवत. भारतात तिचा वापर २००४ अखेर थांबला. आताच्या लसी दंडात देतात आणि त्या अधिक सुरक्षित आहेत.

कुत्रा पळतो कशाला?

बहुतेक वेळा पाळीव कुत्रा घर सोडून जात नाही, तो आवाजापासून पळतो. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे आणि मांजराला त्याहूनही वरचे. आपल्याला जे जेमतेम ऐकू येते, ते त्यांना स्पष्ट ऐकू येते. सुतळी बॉम्बचा धमाका तर आपल्यालाही सोसत नाही. हा आवाज कुठून आला, तो कधी थांबेल, हे कुत्र्याला कोणी समजावू शकत नाही. भीतीच्या भरात तो ओळखीचे रस्तेही ओळखेनासा होतो आणि मालकाची हाक ऐकूनसुद्धा लपून राहतो.

म्हणून गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत साधी काळजी घ्यावी. मिरवणुकीची वेळ होण्याआधी फिरवून आणावे. खिडक्या लावून घ्याव्यात, दाराला कडी घालावी. घरात पाहुण्यांची ये-जा असेल तर प्राण्याला आतल्या खोलीत ठेवावे. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी औषध लागते का, हे पशुवैद्यकाला आधीच विचारावे. माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देण्याचा प्रयोग मुळीच करू नये.

पंढरपूरहून परत आलेला ‘महाराज’

‘अहो, जनावराला घरची वाट बरोबर कळते’ असे आपल्याकडे हमखास म्हणतात. या म्हणण्याला आधार देणारी एक खरी घटना २०२४ साली आषाढी वारीच्या दिवसांत घडली. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी तालुक्यातील यमगर्णी गावचा ‘महाराज’ नावाचा कुत्रा आपल्या धन्यामागून पंढरपूरला चालत गेला आणि तिथल्या गर्दीत चुकला. धन्याने शोधले, सापडला नाही म्हणून तो गावी परतला. काही दिवसांनी सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून महाराज आपणहून घरी हजर झाला. गावकऱ्यांनी त्याला हार घातला, मिरवले आणि गावजेवण घातले.

ही वाट सापडते कशी? झेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या अंगावर जीपीएस बांधून त्यांच्या सहाशेहून अधिक फेऱ्यांचा अभ्यास केला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. काही कुत्रे आलेल्या वाटेचा वास घेत परतत होते. काही नव्या वाटेने परतत होते. नव्या वाटेने परतणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी साधारण वीस मीटर उत्तर-दक्षिण दिशेने धाव घेतली आणि मग मालकाकडे मोर्चा वळवला. अशी धाव घेणारे अधिक थेट वाटेने परतले. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा ते दिशा ठरवण्यासाठी उपयोग करत असावेत, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

पण ते कुत्रे जंगलात होते. परळच्या नाक्यावर उड्डाणपूल आहे, बेस्टच्या बसगाड्या आहेत आणि प्रत्येक गल्लीत आपापली हद्द राखणारे दहा कुत्रे आहेत. शिवाय महाराज परतला म्हणून त्याची बातमी झाली. जे परतत नाहीत त्यांची बातमी होत नाही. चमत्काराची वाट पाहणे हा शोधाचा मार्ग नव्हे.

मांजर लांब जात नाही

मांजराची गोष्ट वेगळी आहे. हरवलेल्या बाराशेहून अधिक मांजरांची माहिती गोळा करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरे घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत होती. जवळजवळ एक तृतीयांश मांजरे पहिल्या सात दिवसांत मिळाली. ज्यांनी स्वतः फिरून शोध घेतला, त्यांना यश मिळण्याची शक्यता जास्त होती.

याचा चाळीतला अर्थ सोपा आहे. आधी आपलाच मजला, जिन्याखालची अडगळ, पोटमाळा, शेजाऱ्याचे कपाट, पाण्याच्या टाकीमागची जागा आणि गाड्यांच्या खालचा भाग बघावा. रात्री वर्दळ कमी झाल्यावर टॉर्च घेऊन फिरावे, कारण अंधारात मांजराचे डोळे चमकतात. घाबरलेले मांजर हाकेला ओ देत नाही, म्हणून ‘इथे नाही’ असे म्हणून एकदाच पाहून पुढे जाऊ नये. दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा पाहावी.

तांदळाच्या दाण्याएवढी ओळख

तरीही सर्वांत खात्रीचा उपाय हरवण्याच्या आधीच करायचा असतो. पट्ट्यावर प्राण्याचे नाव नसले तरी चालेल, पण मालकाचा मोबाइल क्रमांक हवाच. धातूच्या बिल्ल्यावर तो कोरून घ्यावा, कारण शाईने लिहिलेला पावसाळ्यात पुसला जातो. अलीकडे क्यूआर कोडचे बिल्लेही निघाले आहेत. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात असे कोड बांधले गेले. मोबाइलने कोड टिपला की कुत्र्याचे नाव, लसीकरण आणि त्याला खाऊ घालणाऱ्याचा संपर्क दिसतो.

पण पट्टा तुटतो, निघतो, कधी कोणी काढूनही घेते. मायक्रोचिप मात्र अंगातच राहते. तांदळाच्या दाण्याएवढ्या, साधारण बारा मिलिमीटर लांबीच्या काचेच्या कुपीत ती असते आणि पशुवैद्यक सुईने ती मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला पंधरा आकडी क्रमांक सांगते. एवढेच तिचे काम. प्राणी कुठे आहे हे ती सांगू शकत नाही. तो गैरसमज अनेकांना असतो.

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५३ निवारा केंद्रांची नोंद तपासली गेली. तिथे आलेल्या सर्व बेवारस कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के कुत्रे मालकाकडे परतले, तर चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के. मांजरांत हाच फरक दोन टक्क्यांहून कमी आणि ३८ टक्क्यांहून अधिक असा होता. चिप असूनही मालक न सापडण्याचे सर्वांत मोठे कारण काय होते? नोंदवलेला फोन क्रमांक चुकीचा किंवा बंद असणे. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप बसवणे २०१६ पासून आणि मांजरांना २०२४ पासून सक्तीचे आहे. आपल्याकडे चिप बसवून घेणाऱ्याने ती कोणत्या नोंदवहीत नोंदली आहे, हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे आणि सिमकार्ड बदलले की तिथला क्रमांकही बदलावा.

आठ आण्यांचा धडा

पाळीव कोण आणि बेवारस कोण, हे न कळल्याने काय होते याचा मुंबईला जुना अनुभव आहे. १८३२ साली कंपनी सरकारच्या काळात भटके कुत्रे मारण्याचा हुकूम निघाला. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभाने पकडणारे लोकांच्या दारातले, घरातले कुत्रेही ओढून नेऊ लागले, अशा तक्रारी झाल्या. पारशी समाज खवळला आणि फोर्टमध्ये दंगल उसळली. मुंबईच्या इतिहासात ती ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणूनच ओळखली जाते.

आज नसबंदी आणि लसीकरण झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. पाळीव कुत्र्यासाठी पालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. परवाना म्हणजे निव्वळ कटकट असे अनेकांना वाटते. पण हरवलेल्या कुत्र्यासाठी तोच मालकीचा कागद आहे आणि चावलेल्या माणसासाठी तो लशीचा पुरावाही ठरतो.

दहा दिवसांचे गणित

आता त्या भल्या माणसाकडे येऊ. हाताला दात लागले, थोडे रक्त आले. ‘घाबरलेला होता बिचारा, पाळलेलाच दिसतोय,’ असे म्हणून तो घरी गेला, तर ती घोडचूक ठरू शकते. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण चावल्यानंतर वेळेवर उपचार झाले तर हाच रोग टाळता येतो.

पहिला उपचार नळाखाली होतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण मनातली पंधरा मिनिटे दोनच मिनिटांत संपतात. मिरचीपूड, चुना, हळद काहीही लावू नये. मग लगेच रुग्णालय गाठावे. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

इथे कुत्र्याची ओळख महत्त्वाची ठरते. रेबीजचे विषाणू कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत येतात ते आजाराच्या अखेरच्या टप्प्यात, मरणाच्या काही दिवस आधी. म्हणून चावलेला कुत्रा किंवा मांजर दहा दिवस धडधाकट राहिले, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे म्हणता येते. मग डॉक्टर पुढच्या मात्रा थांबवू शकतात. उपचार मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायचे, दहा दिवस बघत बसायचे नाही. आणि प्राणी कुठे आहे, कुणाकडे आहे हे माहीतच नसेल, तर सगळ्या मात्रा पूर्ण करण्यावाचून गत्यंतर नसते. पट्ट्यावरचा दहा आकडी मोबाइल क्रमांक असा एका अनोळखी माणसाच्याही कामी येतो.

सापडला तर काय करावे?

रस्त्यात चुकलेला प्राणी दिसला तर अंगावर धाव घेऊ नये. खाली बसावे, नजरेला नजर देऊ नये, खाण्याचे काही पुढे करावे. उचलायचेच असेल तर जाड टॉवेल वापरावा. तो अंगावर येत असेल, तोंडातून सतत लाळ गळत असेल किंवा अडखळत चालत असेल, तर हात न लावता पशुवैद्यक किंवा पालिकेला कळवावे. घरी आणल्यास आपल्या प्राण्यांपासून आणि लहान मुलांपासून वेगळे ठेवावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून आलेल्या कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून ती साफ करताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत. पशुवैद्यकाकडे नेऊन चिप तपासून घ्यावी.

मालक शोधताना फोटो लावावा, पण एखादी खूण मुद्दाम सांगू नये. पोटावरचा पांढरा ठिपका, शेपटीची गाठ, असे काहीतरी. जो ती आपणहून सांगेल, जुने फोटो आणि लसीचे कार्ड दाखवेल, त्याच्याच हाती प्राणी द्यावा. आणि चावला असेल तर मालकाचा क्रमांक घेऊन ठेवावा. पुढचे दहा दिवस त्याची विचारपूस करायची आहे.

मालकानेही संकोच बाजूला ठेवावा. ‘चावला असे सांगितले तर भांडण होईल’ म्हणून लसीचे कार्ड लपवणे म्हणजे ज्याने आपला जीव परत आणून दिला त्याचाच जीव धोक्यात घालणे.

परळच्या जनावरांच्या इस्पितळाच्या दारात ‘कुणाचा आहे?’ हा प्रश्न विचारला जाईल तेव्हा कुत्र्याला उत्तर देता येणार नाही. ते त्याच्या गळ्यात आधीच लिहिलेले असायला हवे. यंदा गणपतीसाठी मखर काढाल, तेव्हा पट्ट्यावरचा क्रमांकही एकदा वाचून पाहा. तो अजून चालू आहे ना?