अंगावरचं दूध : ऐकीव आणि खरं

गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो. बाळंतिणीचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकायला सांगणाऱ्या आज्या अजून भेटतात. पहिले दोन-तीन दिवस येणारं हे दाट, पिवळसर दूध थोडंच असतं, पण नवजात बाळाचं पोटही एवढंसंच असतं. रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं त्यात भरपूर असतात. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याआधी मध चाटवू नये. मधातल्या जिवाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

‘दूध पुरत नाही’ ही तक्रार तर घरोघरी. बाळ रडलं की सगळ्यांच्या नजरा आईकडे! पण रडण्याची कारणं अनेक असतात. पहिल्या आठवड्यानंतर बाळ 24 तासांत 6 किंवा जास्त वेळा शू करत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. स्तनांच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हौसेनं खावेत, पण दूध वाढवायचा खरा उपाय म्हणजे वारंवार पाजणं.

उन्हाळ्यात वरचं पाणी? पहिले 6 महिने नको. आईच्या दुधात जवळपास 88 टक्के पाणीच असतं. आईला साधा सर्दी-ताप आला तरी पाजणं थांबवायचं नाही. बाळाची शू कमी झाली किंवा ते सुस्त पडलं, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.