भंगारातली छोटी मोटार : आधी तळ पाहा, मग तोला

यवतमाळलगतचे लोहारा औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. जेथे कारखाने, तेथे भंगाराचा धंदा आलाच. या धंद्यात घरोघरच्या अडगळीबरोबर मुलांच्या जुन्या धातूच्या मोटारीही येतात आणि किलोच्या भावाने वितळवायला जातात. व्यापारी बंधूंनी येथे जरा थांबावे. बोटभर लांबीच्या अशा मोटारीला कधीकधी धातूच्या भावापेक्षा कितीतरी जास्त दाम देणारे शौकीन आहेत.

या शौकिनांची आवड वेगळीच असते. भलताच रंग, न जुळणारी चाके, तळावर खोडलेले नाव अशा विचित्र मालावर त्यांचा डोळा असतो. असा माल आपल्या देशात भरपूर बनला. इंग्लंडच्या डिंकी मोटारींचे जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले. तळावरचे ‘डिंकी’ नाव खोडून किंवा बदलून ‘निकी’ नावाने मोटारी निघाल्या. मिल्टन आणि मॅक्सवेल ही नावेही कलकत्त्याचीच. पुढे मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या ‘लिओ’ खेळण्यांतून अमेरिकेच्या मॅटेलच्या हॉट व्हील्स मोटारी येथे तयार झाल्या. परदेशात न निघालेल्या रंगांमुळे या भारतीय मोटारींना तिकडचे संग्राहक आजही शोधतात.

विचित्रपणाची किंमत किती, याचे प्रसिद्ध उदाहरण १९६९ चे आहे. हॉट व्हील्सच्या ‘बीच बॉम्ब’ या फोक्सवॅगनच्या पहिल्या नमुन्यात मागच्या काचेतून फळ्या बाहेर आलेल्या होत्या. गाडी अरुंद पडली, खेळण्याच्या रुळावर नीट धावेना, म्हणून रचना बदलली. तो फसलेला नमुना, त्यातही गुलाबी रंगाचा, आज जगातील सर्वांत महाग हॉट व्हील्स मोटारींत गणला जातो.

ओतकाम करणाऱ्या कारागिरांनी यातील धातूही समजून घ्यावा. जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम मिसळून तो रस दाब देऊन पोलादी साच्यात भरतात. त्यात शिशाचा अंश गेला, तर काही वर्षांनी मोटारीला भेगा पडून ती आपोआप फुटू लागते. अशा मालाला भाव नाही.

म्हणून मोटार हाती येताच तळावरचे नाव व देश वाचावा. धूळ मऊ ब्रशने झाडावी. नवा रंग देऊ नये, घासूनपुसून चकाकी आणू नये, कारण मूळ रंग गेला की मोल गेले. खोके किंवा पुठ्ठा असल्यास फाडू नये. दोन-तीन शौकिनांकडून भाव काढल्याशिवाय सौदा करू नये. दुरुस्त केलेली मोटार मूळ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. या छोट्या बाजारात अशी बातमी लवकर पसरते आणि पत जाते.

नव्या खेळण्यांचा व्यापार करणाऱ्यांनी मात्र १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, हे ध्यानात ठेवावे. स्वस्त बनावट माल अंगाशी येऊ शकतो.

प्रत्येक जुनी मोटार मोलाची नसते, तेव्हा यात भांडवल अडकवू नये. पण तराजूत टाकण्यापूर्वी ती उलटी करून पाहायला पैसा लागत नाही.