काळ्या मेंदीचा हिशेब

जालन्याहून भोकरदनकडे निघाले की पंचवीसेक किलोमीटरवर राजूर लागते. टेकडीवर गणपतीचे देऊळ आणि चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, पायथ्याशी नारळ-पेढे, बांगड्या, खेळणी यांची दाटी. बांगड्यांच्या गाड्यांवर माझे लक्ष नेहमी एका वस्तूकडे जाते. दोरीला माळेसारख्या लटकावलेल्या, तळहाताएवढ्याही नसलेल्या चकचकीत पुड्या. त्यांवर हिरवे पान, लांब काळ्या केसांची बाई आणि शब्द दोनच : ‘काळी मेंदी’.

अडचण अशी की काळी मेंदी नावाची वनस्पती नाही. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते. त्याचा रंग नारिंगी ते तांबडा, त्यापलीकडे नाही. पांढऱ्या केसावर नुसती मेंदी लावली की केस तांबूस होतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. राजस्थानातल्या सोजतची मेंदी उत्तम मानली जाते, २०२१ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण सोजतची झाली तरी ती केस काळे करत नाही.

मग वनस्पतींनी काळा रंग येतच नाही का? येतो. एक वाट निळीची. मेंदीने तांबडे झालेल्या केसांवर नीळ चढवली की दोन्ही मिळून तपकिरी-काळी छटा येते. नीळही पानात तयार नसते. पान भिजल्यावर त्यातले द्रव्य सुटते, हवेतला प्राणवायू घेते आणि मग निळे होते. म्हणून निळीचा लेप भिजवल्यावर फार वेळ ठेवून चालत नाही, आणि धुतल्यानंतरही रंग पक्का व्हायला एक-दोन दिवस जातात. दुसरी वाट लोखंडाची. आवळा रात्रभर लोखंडी कढईत भिजवला की सकाळी काळाकुट्ट होतो. आवळ्यातले टॅनिन आणि कढईचे लोह यांचा हा संयोग. जुनी काळी शाईही याच तत्त्वावर बनत असे.

कढईची ही युक्ती किती जुनी असावी? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचे प्रकरण सुरू होते तेच केस रंगवण्यापासून. केस पांढरे असतील तर फुले, अत्तरे, वस्त्रे शोभत नाहीत, असे त्याचे म्हणणे. कृती अशी : आंबट द्रवात, लोखंडी भांड्यात, लोहचूर्ण घालून कोद्रव म्हणजे हरीक शिजवायचा, वाटून केसांना थापायचा, वर ओली पाने गुंडाळायची. दोन प्रहरांनी धुऊन आवळ्याचा लेप लावायचा, पुन्हा पाने गुंडाळून दोन प्रहर थांबायचे. आधी लोह, मग टॅनिन. आजच्या रसायनशास्त्रज्ञाला यात चूक काढता येणार नाही. शेवटी लोखंडाचा आणि आंबटपणाचा वास घालवायला सुगंधी स्नानही सांगितले आहे, म्हणजे कृती केवळ कागदावरची नसावी.

पण प्रहर मोजा. चार प्रहर म्हणजे बारा तास. हा ग्रंथ राजेरजवाड्यांसाठी आहे. लेप वाटणारे हात वेगळे, बसून राहणारे डोके वेगळे. पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी धरलेल्या दासी आहेत. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती मिळाली ती भोकरदनच्या उत्खननात, म्हणजे राजूरच्याच तालुक्यात. शृंगाराच्या वेळेची किंमत तेव्हा या दासी मोजत होत्या.

आज ती कोण मोजते? खांद्यापर्यंतच्या केसांना शंभरेक ग्रॅम मेंदी आणि तेवढीच नीळ लागते. रात्रभर भिजवणे सोडा. लावणे, दोन-तीन तास ठेवणे, धुणे, नीळ लावणे, तास-दीड तास थांबणे, पुन्हा धुणे : धरून चाला पाच तास. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा महिन्याभरात भांगात पांढरी रेघ दिसतेच. वर्षाला बारा वेळा म्हणजे साठ तास. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर पाच तासांचे १९५ रुपये होतात. पुडीची किंमत याच्या पासंगालाही पुरत नाही. डोक्याला मेंदी थापून भांडी घासता येतात, स्वयंपाकही होतो, हे खरे. पण दिवाळीच्या सुमारास ऐन वेचणीत कापसाच्या रानात ते जमत नाही. शहरात आपण ‘नैसर्गिक’ म्हणून जे मिरवतो ते बहुतांशी रविवारची मोकळी दुपार असते.

पुडी ती दुपार अर्ध्या तासावर आणते. हे काम पॅरा-फेनिलिनडायअमिनचे, थोडक्यात पीपीडीचे. केस रंगवण्यासाठी फ्रान्समध्ये १८८३ साली त्याचे पेटंट निघाले. १९०७ पासून युजेन श्युलर या रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये असे कृत्रिम रंग विकायला सुरुवात केली. या द्रव्याचे रेणू लहान. ते केसाच्या आत शिरतात, तिथेच ऑक्सिडीकरण होऊन मोठे होतात आणि बाहेर पडू शकत नाहीत. रंग सुबक, पक्का, स्वस्त. बहुसंख्यांना त्रासही होत नाही. पण ज्यांच्या त्वचेने एकदा त्याच्याशी वैर धरले, त्यांचे ते सहसा जन्मभर सुटत नाही : कपाळ-कान खाजतात, पापण्या सुजून डोळे मिटतात. युरोपात केसांना लावतेवेळी त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून जास्त चालत नाही.

रसायन म्हणजे विष आणि पान म्हणजे अमृत, असा हिशेब मात्र मला मान्य नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या मुलांना शुद्ध मेंदी लावल्यानेही रक्तपेशी फुटून गंभीर आजार होऊ शकतो. माझी तक्रार पीपीडीबद्दल नाही, पानाच्या चित्राबद्दल आहे. रंग घेणारी बाई मेंदी समजून घेते, म्हणून सावध राहत नाही. परीक्षा सोपी आहे : फणीत आलेले चार पांढरे केस लेपात ठेवावेत. दहा-पंधरा मिनिटांत काळे झाले तर ती नुसती मेंदी नव्हे.

आपल्याकडे कायद्याने अशा रंगांवर इशारा छापावा लागतो : आधी त्वचेवर चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. ही चाचणी म्हणजे कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून वाट पाहणे. मागच्या चतुर्थीला मी राजूरहून एक पुडी घरी आणली. चष्मा लावून, उजेडात धरून इशारा शोधला. तो पुडीच्या मागे होता, दुमडलेल्या कडेखाली, इंग्रजीत.