बंब आला की वाट द्या!

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला. आग लागली, स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान प्राणांस मुकले. म्हणूनच १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

मोठ्या अपघातात बंबवाल्यांचं काम नुसतं पाणी मारणं नसतं. धोका आवरायचा, अडकलेल्यांना सोडवायचं. मग जखमींची वर्गवारी होते: लाल चिठ्ठी म्हणजे ताबडतोब उपचार, पिवळी म्हणजे थोडा धीर, हिरवी म्हणजे चालू शकणारा. आपलं माणूस मागे राहिलं म्हणून भांडू नका. गप्प पडलेलाच कदाचित जास्त अत्यवस्थ असेल.

आणि १०१ला फोन कराल तेव्हा पत्ता, जवळची खूण, किती माणसं अडकलीत, एवढं नीट सांगा.