डोंगराअलीकडचा ‘नेटिव्ह’, पलीकडचा कोण?

भाज्याच्या लेण्यांवर विसापूर उभा आहे, शेजारी लोहगड आणि या दोघांच्या दक्षिणेला पवनेचं खोरं. इंग्रजी अमलात भाजे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात होतं, म्हणजे खालसा मुलूख. पवनेच्या खोऱ्याचा काही भाग मात्र भोरच्या पंतसचिवांचा. ‘पवन मावळ’ हा त्यांच्या संस्थानातला एक तालुकाच होता. शेतं तीच, पाऊस तोच. पण सरकारी नोकरीचा प्रश्न निघाला की हा डोंगर भलताच उंच व्हायचा!

१८७० साली ब्रिटिश पार्लमेंटने ठरवलं की लंडनची सिव्हिल सर्व्हिस परीक्षा न देताही काही ‘नेटिव्हां’ना वरच्या जागा देता येतील. मग नेटिव्ह म्हणजे कोण, हे कायद्यात सांगणं आलं. व्याख्या वाचून थक्क व्हायला होतं. राणीच्या हिंदुस्थानातल्या मुलखात जन्म आणि कायमचं वास्तव्य हवं. शिवाय आईबापही इथलेच रहिवासी हवेत, तात्पुरत्या कामासाठी येऊन राहिलेले नकोत. धर्म किंवा रंग यांचा उल्लेखही नाही! आता ही चाळणी लावून पाहा. भाज्यातला शेतकऱ्याचा मुलगा नेटिव्ह. मुंबईत १८६५ साली जन्मलेला रड्यार्ड किपलिंग नेटिव्ह नाही, कारण बाप नोकरीपुरता आलेला. आणि पवन मावळातलं पोर? तेही नाही, कारण भोरची जमीन राणीची नव्हे. सात पिढ्या तिथे नांदल्या असल्या तरी कायद्याला त्याचं काय!

रहिवासाचा नियम तर याहून गमतीचा. १८६१च्या कायद्याप्रमाणे सर्व्हिसबाहेरच्या माणसाला सर्व्हिससाठी राखीव असलेल्या जागेवर नेमायचं तर तो हिंदुस्थानात किमान सात वर्षं राहिलेला हवा. लंडनची परीक्षा पास झालेल्या गोऱ्या पोराने मात्र इथे एक दिवसही काढलेला नसला तरी चाले.

ही परीक्षा द्यायला आपल्या लोकांना बंदी नव्हती. अडसर होता तो समुद्रप्रवासाचा, खर्चाचा आणि वयाचा. १८६९ साली श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी पास झाले, तर वय जास्त म्हणून दोघांची नावं खोडली. चालू वर्ष धरून वय सांगायचा आपला रिवाज त्यांना नडला होता. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं, तेव्हा कुठे दोघांना परत घेतलं. पुढे १८७८पासून वयाची मर्यादाच एकोणीसवर आणली गेली. मला तर यात कारकुनी काटेकोरपणापेक्षा हिशेबीपणा जास्त दिसतो.

१८७०च्या सवलतीचे नियम व्हायलाच १८७९ उजाडलं आणि जागा मिळाल्या त्या बहुतेक बड्या घराण्यांतल्यांना. संस्थानी प्रजेला सरकारी पदांसाठी पात्र ठरवण्याची कायदेशीर वाट १९१६ साली निघाली. भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं.