गॉडझिलाची तारीख का पुढे जाते?

एखाद्या मोठ्या इंग्रजी चित्रपटाची तारीख पुढे गेली, की आमच्या हाऊसमध्ये निकाल लगेच लागतो : 'पिक्चर बिघडलाय.' त्यात कुणी 'रीशूट' हा शब्द उच्चारला तर विषयच संपला. गॉडझिला, काँग, डायनोसॉर अशा अजस्र प्राण्यांच्या चित्रपटांचे पुढचे भाग तर याबाबतीत बदनामच आहेत. मी हे चित्रपट आवडीने पाहतो आणि ते कसे बनतात याबद्दल मिळेल ते वाचतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की नुसती तारीख बदलली म्हणून काहीच सिद्ध होत नाही. ती कशामुळे बदलली हे पाहावे लागते.

आधी रीशूट म्हणजे काय ते पाहू. चित्रीकरण संपल्यावर संकलक सगळे तुकडे जोडून पहिली प्रत तयार करतो. कागदावर जे नीट वाटत होते ते पडद्यावर लागत नाही, हे तेव्हा कळते. एखादे पात्र अचानक दुसऱ्या शहरात कसे पोहोचले, याचा दुवाच सापडत नाही. मग कलाकारांना काही दिवस परत बोलावून राहिलेले तुकडे चित्रित करतात. मोठ्या चित्रपटांत यासाठीचे दिवस आणि पैसे पुष्कळदा आधीच राखून ठेवलेले असतात. त्यामुळे रीशूट म्हणजे नापास झालेल्याची फेरपरीक्षा, असे समजण्याचे कारण नाही.

अजस्र प्राण्यांच्या चित्रपटांत ही गरज जास्त पडते, कारण मुख्य पात्र सेटवर नसतेच. नट काठीला लावलेल्या चेंडूकडे किंवा निळ्या पडद्याकडे बघून घाबरतो. पहिल्या प्रतीत गॉडझिलाच्या जागी राखाडी रंगाची ओबडधोबड आकृती फिरत असते, नाहीतर रिकामी जागा असते. मारामारी रंगते आहे की कंटाळवाणी होते आहे, हे दिग्दर्शकाला फार उशिरा दिसते. त्या वेळी प्राण्याने डावीकडून न येता उजवीकडून यावे असे ठरले, तर नटाची नजरही चुकीच्या दिशेला गेलेली असते.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. 'गॉडझिला व्हर्सेस काँग'चे चित्रीकरण नोव्हेंबर २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात हवाई आणि ऑस्ट्रेलियात झाले. दिग्दर्शक होते ॲडम विंगार्ड. तारीख आधी मे २०२० ठरली होती, ती अलीकडे ओढून मार्च २०२० केली. मधल्या काळात, मे २०१९ अखेरीस, आधीचा भाग 'गॉडझिला : किंग ऑफ द मॉन्स्टर्स' लागला आणि त्याची कमाई अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली. (त्याचीही तारीख आधी जून २०१८, मग मार्च २०१९, मग मे अशी सरकली होती.) त्यानंतर वॉर्नर ब्रदर्सच्या वरिष्ठांनी उघडपणे सांगितले की पुढचा भाग उत्तम व्हावा म्हणून तो उशिरा आणू. तारीख नोव्हेंबर २०२० वर गेली. संकलनात बरीच कापाकापी झाली. आधीच्या भागात काम केलेल्या झांग झीयी यांची दृश्येही अंतिम चित्रपटात उरली नाहीत. इथपर्यंतचा उशीर हा चित्रपटाच्या दर्जासाठी होता.

पुढचा उशीर करोनाचा. तारीख मे २०२१ झाली आणि नंतर पुन्हा मार्चवर आली. अमेरिकेत तो ३१ मार्च २०२१ ला चित्रपटगृहात आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी आला. त्यावरून, ज्यांनी सर्वाधिक पैसे घातले होते ती लेजंडरी कंपनी आणि वॉर्नर यांच्यात खडाजंगी झाली. भारतात तो एक आठवडा आधी, २४ मार्चला, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत लागला. मराठीत नाही, ही माझी जुनी तक्रार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातली चित्रपटगृहे बंद झाली, म्हणजे दोन आठवडे उशीर झाला असता तर तिकडे तो मोठ्या पडद्यावर दिसलाच नसता. एवढे होऊनही जगभरात सुमारे ४७ कोटी डॉलर जमले. इतक्यांदा तारीख बदललेला चित्रपट आमच्या हाऊसच्या नियमाप्रमाणे आपटायला हवा होता.

कधी कधी तर चित्रपटाचा दोष तिळमात्र नसतो. त्याच्याच पुढच्या भागाची, 'गॉडझिला एक्स काँग : द न्यू एम्पायर'ची, तारीख १५ मार्च २०२४ होती. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या नटांचा संप झाला. संपावरच्या नटांना जाहिरातीच्या कार्यक्रमांना जाता येत नव्हते, म्हणून 'ड्यून'चा दुसरा भाग नोव्हेंबरवरून उचलून त्याच १५ मार्चला बसवला. दोन्ही चित्रपट त्याच कंपन्यांचे, त्यामुळे गॉडझिला १२ एप्रिलला सरकला. संप मिटल्यावर 'ड्यून' १ मार्चला आला आणि गॉडझिला २९ मार्चला. चांगला पडदा आणि मोठी सुट्टी मर्यादित असतात. रेल्वेच्या फलाटासारखे आहे ते, एक गाडी अडली की मागची सिग्नलला थांबते.

खरी धोक्याची खूण मला 'एलियन ३' मध्ये दिसते. (चित्रपट मोठ्यांसाठीचा आहे, ज्युनिअर्सनी घाई करू नये.) एका दिग्दर्शकाने तो सोडला. दुसऱ्याने लाकडी ग्रहावरच्या मठाची कल्पना मांडली, तोही गेला. मग डेव्हिड फिंचर यांना घेतले, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. १९९१ मध्ये इंग्लंडच्या पाइनवूड स्टुडिओत चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पटकथा पूर्ण नव्हती. सेट उभे होते, पण त्या सेटवर काय घडणार हे रोज बदलत होते. मग स्टुडिओने पुन्हा चित्रीकरण करायला लावले. राक्षस आधी बैलातून जन्म घेत होता, तो कुत्र्यातून जन्मलेला दाखवला. शेवटही बदलला. सिगर्नी वीव्हर यांनी भूमिकेसाठी केलेला तुळतुळीत गोटा तोवर वाढला होता. पुन्हा डोके भादरण्याऐवजी त्यांना टकलाची टोपी चढवावी लागली. चित्रपट मे १९९२ मध्ये लागला. फिंचर तो आपला मानत नाहीत. २००३ मध्ये जुन्या तुकड्यांतून बैलवाली आवृत्ती निघाली, तीही त्यांच्या सहभागाशिवाय. ती मला जास्त जुळलेली वाटते. म्हणजे इथे रीशूट हे दुखणे नव्हतेच. नकाशा न पाहता तुकडी निघाली होती आणि वाटेत प्रत्येक अधिकारी वेगळी दिशा दाखवत होता.

उशिराची किंमत कोण मोजते, हा भाग फारसा कुणी सांगत नाही. स्टुडिओचे पैसे अडकतात. समजा १५ कोटी डॉलर गुंतले आणि व्याज वर्षाला ६ टक्के धरले, तर महिन्याला साडेसात लाख डॉलर नुसते बसून जातात. तरी स्टुडिओ मोठा असतो, तो सोसतो. प्राणी संगणकावर घडवणाऱ्या कंपन्यांचे तसे नसते. त्या बहुतेकदा ठरावीक रकमेवर काम घेतात. दृश्य बदलले, पुन्हा बदलले, तरी जादा पैसे मिळतीलच असे नाही. तारीख पुढे गेली तर माणसे रिकामी बसतात आणि पगार चालू राहतो. तारीख तीच राहिली आणि दृश्ये बदलली, तर रात्र रात्र जागून काम करावे लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय'च्या वाघासाठी ऑस्कर मिळाले, त्याच महिन्यात तो वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तिची मुंबई आणि हैदराबादलाही कार्यालये होती. गॉडझिलाच्या चित्रपटांवर काम केलेली एमपीसी ज्या टेक्निकलर समूहाची, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळला आणि बंगळूरमधल्या हजारो कलाकारांची नोकरी गेली. त्यामागे कारणे अनेक होती, पण संपामुळे आटलेली आणि लांबलेली कामे हे त्यातले एक होते. ज्या पालकांची मुले ॲनिमेशन शिकण्याचा हट्ट धरतात, त्यांनी हट्ट मोडू नये, मात्र करार कसे होतात ते मुलांबरोबर बसून जरूर वाचावे.

एक जुना गैरसमजही जाता जाता. १९६२ च्या जपानी 'किंग काँग व्हर्सेस गॉडझिला'त जपानसाठी गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकेसाठी काँग, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खोटे आहे. अमेरिकी वितरकाने वार्ताहराची नवी दृश्ये चित्रित करून मध्ये घुसवली हे खरे, पण शेवटी दोन्हीकडे काँगच पोहत घरी जातो. मेसमध्ये पैज लागली तर उपयोगी पडेल.

पुढचा भाग, 'गॉडझिला एक्स काँग : सुपरनोव्हा', २६ मार्च २०२७ ला येईल असे जाहीर झाले आहे. तेव्हा आमच्या तुकडीची बारावीची बोर्डाची परीक्षा चालू असेल. हा एक चित्रपट महिनाभर पुढे गेला तर माझी काहीच हरकत नाही.