सहा बाइटांची शिर्डी

क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने १९८२ साली इंग्लंडात काढलेला झेडएक्स स्पेक्ट्रम भारतातही आला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. ४८ किलोबाइट मेमरी, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, पडदा म्हणजे घरचाच टीव्ही. पण सिरियल केबल किंवा मोडेम जोडला की हे खेळातले यंत्र दूरच्या मोठ्या संगणकाचे टर्मिनल होऊ शके. त्यासाठीचा प्रोग्राम अगदी छोटा. कळ दाबली की तिचा आकडा तारेवर पाठवायचा, तारेवरून आकडा आला की त्याचे अक्षर पडद्यावर काढायचे, बस्स.

घोडे अडते ते वेगापाशी. २५६ बाय १९२ ठिपक्यांच्या पडद्याला ६,१४४ बाइट लागतात. तळाची ओळ भरली की एक ओळ सोडून बाकी सगळे वर सरकवायचे, म्हणजे ५,८८८ बाइट. झेड-८० ची 'एलडीआयआर' ही बाइट हलवणारी आज्ञा दर बाइटला घड्याळाचे २१ ठोके खाते, म्हणजे या कामाला किमान ३५ मिलिसेकंद. ३०० बॉडला तेवढ्यात जेमतेम एक अक्षर येते, त्यामुळे काही बिघडत नाही. ९,६०० बॉडला मात्र तेहतीसेक अक्षरे दारात उभी राहतात. सिंक्लेअरच्या 'इंटरफेस वन' या सिरियल जोडणीत तर येणारे बिटही प्रोसेसरनेच मोजायचे, मग तो पडदा सरकवत असताना ऐकणार कोण? समोरच्याला थांबवणारी हँडशेकची तार तिथे हवीच.

रुंदीचा प्रश्न त्या मानाने सोपा. मोठे संगणक ८० अक्षरांची ओळ धरून चालत, स्पेक्ट्रमकडे जागा ३२ ची. अक्षर आठऐवजी चार ठिपक्यांत कोंबले की ६४ तरी मावतात. रोमन लिपी एवढी चेपाचेप सोसते.

आणि मराठी? १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे, आयआयटी कानपूरला सुरू झालेले 'जिस्ट'चे काम तिथे पुढे गेले. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे आठ बिटांचे मानक ठरले. आता या तारेवरून 'शिर्डी' पाठवून पाहा. आकडे सहाच: २१३, २१९, २०७, २३२, १९१, २२०.

२१३ आला, 'श' काढला. २१९ म्हणजे पहिली वेलांटी. ती तारेवर नंतर येते, पण बसते आधी, म्हणून काढलेला 'श' पुसून उजवीकडे न्यायचा. मग 'र' काढायचा, त्यामागून हलन्त. १९१ चा 'ड' येताच तो 'र' जागेवरून नाहीसा होऊन रफार म्हणून 'ड'च्या डोक्यावर चढतो. शेवटी दुसरी वेलांटी आली की तो रफारही उचलून तिच्या दांड्यावर ठेवायचा. काढले आणि विसरले, हा छोट्या टर्मिनलचा सारा बाणा इथे गळून पडतो. मराठी टर्मिनलला निदान चालू अक्षर तरी स्मरणात ठेवावेच लागते. शिवाय रफार-वेलांट्या सुबक दिसायच्या तर सोळा बाय सोळा ठिपके हवेत. म्हणजे स्पेक्ट्रमवर ओळीत सोळा अक्षरे आणि ओळी बारा. शिर्डीतल्या आरतीच्या वेळा मावतील, जास्त नाही.

गंमत पुढे आहे. इस्कीतल्या सर्व ब्राह्मी लिप्यांना आकडे एकच. शिर्डीत दिसणाऱ्या तेलुगू पाट्यांसाठीही हेच सहा चालतील. (तेलुगू भाविक बहुधा 'शिरिडी' लिहितात, ते सोडा.) मात्र तेलुगूत वेलांटी डोक्यावर बसते, 'र' जागचा हलत नाही आणि 'ड'च खाली लोंबतो. लिपीचे हे शहाणपण मोठ्या संगणकात न घालता दाखवणाऱ्याच्या बाजूला ठेवायचे, हा जिस्टचा निर्णय मला अचूक वाटतो. पीसीत जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरचे जुने मजकुरी प्रोग्राम काही न बदलता मराठी दाखवू लागले, ते यामुळेच.

एक गाठ तरीही सुटली नाही. मोठ्या संगणकाच्या हिशेबी शिर्डी सहा घरांची, पडद्यावर ती दोन-तीन घरांत मावते. मग कर्सर कुठे उभा आहे? बॅकस्पेस एकदा दाबला तर वेलांटी जाऊन रफार 'ड'वर परतायला हवा, पुन्हा दाबला तर 'ड' जाऊन 'र्' खाली उतरायला हवा. आजच्या लॅपटॉपवरच्या टर्मिनलच्या खिडकीत, लाखभर पट मेमरी असूनही, हा हिशेब अनेकदा चुकतो.